'इंधन २% पेक्षा कमी' : एका ऑइल रिपोर्टचं परीक्षण

पेपर कसा वाचायचा यावर मी इथे बऱ्याचदा लिहिलंय. आज पेपर नाही, दोन पानांचा एक लॅब रिपोर्ट घेऊ. कारण घरगुती आहे. बाबांच्या डिझेल गाडीचं इंजिन ऑइल डिपस्टिकवर कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. कमाल खुणेच्या चांगलं वर गेलं. गॅरेजवाल्या काकांनी डिपस्टिक नाकाजवळ नेली आणि निकाल दिला, "डिझेल उतरतंय ऑइलमध्ये. इंजेक्टर गेले. चारही बदलायला लागतील." एस्टिमेट बघून बाबांनी दोन रात्री झोप काढली नाही. मग कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी ऑइलचा नमुना एका खाजगी लॅबला पाठवला. रिपोर्ट आला : इंधन २% पेक्षा कमी, श्यानता ग्रेडमध्ये, शेरा 'नॉर्मल'.

बाबांनी रिपोर्ट माझ्या व्हॉट्सअॅपवर टाकला आणि खाली एकच ओळ, "तू रसायनशास्त्रात पीएचडी करतेस ना, मग सांग कुणाचं खरं?"

तर बसा, वाचू या.

आधी या रिपोर्टमधलं चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. ऑइल वाढण्याची दोन मोठी कारणं असतात, इंधन किंवा कूलंट. (तिसरं म्हणजे गॅरेजमध्येच जास्त ओतणं, पण बाबा समोर उभे राहून ऑइल टाकून घेतात.) कूलंट आत गेलं असतं तर त्यातल्या रसायनांमुळे सोडियम किंवा पोटॅशियम वाढलेलं दिसलं असतं, पाणी दिसलं असतं. रिपोर्टमध्ये दोन्ही नाही. लोखंड, शिसं, तांबं हे झिजेचे धातूही बेताचे. म्हणजे हेड गॅस्केटची शंका मिटली आणि बेअरिंग अजून शाबूत आहेत. हे तक्ते मला पटले.

आता श्यानता, म्हणजे आपली व्हिस्कॉसिटी. रिपोर्टमध्ये १०० अंश सेल्सिअसला ९.९ सेंटीस्टोक आणि समोर 'ग्रेडमध्ये'. ऑइल ५डब्ल्यू-३०. एसएई जे३०० या मानकाप्रमाणे ३० ग्रेडची मर्यादा ९.३ पासून १२.५ च्या आत. वाक्य खोटं नाही. पण तुलना कशाशी केलीय बघा. ग्रेडच्या पट्ट्याशी! बाबांच्या गाडीत पडलेलं ऑइल नवं असताना किती होतं, हे कुणी विचारलंच नाही. डब्यात उरलेलं ऑइल मी डिपार्टमेंटला नेऊन मोजलं. १२.०. म्हणजे ७,००० किलोमीटरमध्ये श्यानता १७ टक्क्यांहून जास्त उतरली आणि रिपोर्ट म्हणतो नॉर्मल. ताप आलेल्या माणसाला 'तुमचं वजन वयाच्या मानाने ठीक आहे' असं सांगण्यातला प्रकार.

इथे तुमच्यातले हुशार लोक उडी मारतील, की बघा, श्यानता उतरली म्हणजे डिझेल आहेच. थांबा. ही उडी मी स्वतः पहिल्या वर्षाच्या प्रोग्रेस सेमिनारला मारली होती, वेगळ्या नमुन्यावर, आणि गाईडनी एका प्रश्नात मला खाली बसवलं होतं : "शिअरचं काय?" मल्टिग्रेड ऑइलमध्ये श्यानता टिकवणारे लांब पॉलिमर असतात. इंजिनात पिसले जाऊन ते तुटतात आणि ऑइल पातळ होतं, इंधनाचा थेंबही नसताना. उलट बाजूने काजळी आणि ऑक्सिडेशन ऑइल दाट करतात. म्हणजे श्यानतेचा एक आकडा ही किमान तीन गोष्टींची बेरीज-वजाबाकी आहे. इंधन भरपूर आणि काजळीही भरपूर असेल तर आकडा नव्या ऑइलसारखा दिसू शकतो. अशा आकड्यावरून 'इंधन आहे' म्हणता येत नाही आणि 'इंधन नाही' असंही म्हणता येत नाही.

मग ते '२% पेक्षा कमी' आलं कुठून? पद्धतीच्या रकान्यात बारीक अक्षरात एफटीआयआर लिहिलंय. माझी खरी तक्रार इथे आहे. इन्फ्रारेडमध्ये पाणी, काजळी, ऑक्सिडेशन छान दिसतं. पण डिझेल आणि इंजिन ऑइल ही दोन्ही मुख्यतः हायड्रोकार्बनच. त्यांच्यात फरक करायचा तर डिझेलमधल्या अरोमॅटिक संयुगांचा सुमारे ८१० तरंगसंख्येजवळचा क्षीण पट्टा धरावा लागतो. तो धरायलाही त्याच ऑइलचा कोरा नमुना हवा, म्हणजे त्याचा स्पेक्ट्रम वजा करता येतो. बाबांकडून कोरं ऑइल मागितलंच नव्हतं. मग वजा काय केलं? दुसरं कुठलं तरी 'सर्वसाधारण' ५डब्ल्यू-३०? डिझेलमध्ये अरोमॅटिक कमी असतील तर सिग्नल आणखी दबतो. अशा वेळी 'या पद्धतीने सांगता येत नाही' लिहायला हवं. 'सापडलं नाही' आणि 'नाही' यातला फरक रिपोर्टने गिळला.

फ्लॅश पॉइंट तरी घ्यायचा होता. नव्या ऑइलचा फ्लॅश पॉइंट साधारण २०० अंशांच्या वर असतो आणि थोडं इंधन मिसळलं तरी तो ठळक खाली येतो. टक्केवारी नेमकी कळत नाही, पण शंका आहे की नाही ते कळतं. तो रकानाच रिकामा आहे. काही जण फिल्टर पेपरवर थेंब टाकून बाहेरचं वलय बघायला सांगतात. काजळी किती नीट पसरलीय हे त्यातून बरं समजतं, इंधनाच्या टक्केवारीसाठी माझा त्यावर भरवसा नाही.

कुठलंही यंत्र न लावता करायचा हिशेबही कुणी केला नव्हता. ऑइल बदलताना मी निघालेलं ऑइल मापून घेतलं. भरलं होतं ५ लिटर, निघालं ५.३. फिल्टरमध्ये आणि कोपऱ्यात थोडं दोन्ही वेळा राहतंच, ते जवळपास सारखं धरू. वरचे ३०० मिली बाहेरून आले. ३०० भागिले ५,३०० म्हणजे ५.७%, आणि हा खालचा आकडा, कारण इंजिनाने थोडं ऑइल जाळलंही असेल. शंभर मिली जाळलं असेल तर इंधन ४०० मिली, म्हणजे साडेसात टक्के. मिश्रणाच्या नेहमीच्या सूत्रात ५.७% डिझेल घातलं तर १२.० ची श्यानता सुमारे ९.९ वर येते. जुळतंय, पण शिअरचा प्रश्न लक्षात ठेवा. जुळणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे.

म्हणून गॅस क्रोमॅटोग्राफी. डिझेलचे रेणू हलके, साधारण १८० ते ३६० अंशांत उकळणारे, ते कॉलममधून आधी बाहेर पडतात, ऑइल मागून. एएसटीएमची डी३५२४ ही पद्धत याच तत्त्वावर आहे. मी कोऱ्या ऑइलमध्ये बाबांच्याच पंपावरचं डिझेल मिसळून ० ते १०% ची मानकं बनवली. तीन इंजेक्शनची सरासरी ६.१% आली, पसारा ५.८ ते ६.४. शेपटाकडे डिझेल आणि ऑइल एकमेकांवर चढतात, तिथे इंटिग्रेशनची रेघ कुठे मारायची हा माझा निर्णय होता. रेघ थोडी हलवली की दशांश हलतो. पण सहाचे दोन होत नाहीत.

पेट्रोल गाडी असती तर मी वेगळं भांडले असते. पेट्रोल बरंचसं ऑइलच्या कामाच्या तापमानाला उडून जातं, म्हणून नमुना लांबच्या प्रवासानंतर घेतला की थंड सकाळच्या फेऱ्यांपेक्षा आकडा कमी दिसणार. २०१८ मध्ये चीनच्या थंड उत्तर भागात होंडाच्या १.५ लिटर टर्बो सीआर-व्हीमध्ये ऑइल वाढण्याच्या तक्रारी आल्या. थंडी आणि छोट्या फेऱ्या, इंधनाला उडायला वेळच नाही. नमुना कधी, किती किलोमीटर चालवून घेतला, हे बाबांच्या रिपोर्टमध्येही नाही. डिझेल फारसं उडत नाही म्हणून इथे निभावलं.

म्हणजे गॅरेजवाले काका बरोबर? निम्मे. 'डिझेल आहे' हे नाकाने बरोबर ओळखलं. 'इंजेक्टर गेले' हे मात्र नाकातून येत नाही. क्रोमॅटोग्राम किती ते सांगतो, कुठून आलं ते सांगत नाही, आणि पैसे तर 'कुठून'वर जाणार होते. बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळीचा फिल्टर असतो. तो तापवून साफ करताना बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्येच उशिरा जादा डिझेल सोडतात. त्यातलं काही भिंतीला लागून रिंगांवरून खाली झिरपतं. साफसफाई पूर्ण व्हायच्या आत गाडी बंद केली की पुढच्या वेळी पुन्हा सुरुवात, पुन्हा डिझेल. बाबा निवृत्त झाल्यापासून गाडी घर ते मंडई ते वाचनालय, एका वेळी चार किलोमीटर.

स्कॅनर लावून घेतला. साफसफाईचे अर्धवट सुटलेले प्रयत्न ओळीने नोंदलेले होते. चारही इंजेक्टरची करेक्शन व्हॅल्यू मर्यादेत, परतीच्या डिझेलची मापं जवळपास सारखी. काकांनी स्वतःच बाटल्या लावून दाखवल्या आणि एस्टिमेट खिशात घातलं. एखादा इंजेक्टर फक्त गरम असताना गळत असेल, ही शक्यता मात्र या चाचणीने पूर्ण जात नाही.

आता नवं ऑइल आहे, कोरा नमुना बाटलीत लेबल लावून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. बाबांनी दर रविवारी हायवेवर तासभर गाडी न्यायची आणि सोमवारी सकाळी थंड इंजिनावर, अंगणातल्या त्याच सपाट फरशीवर डिपस्टिक बघून वहीत लिहायचं असं ठरलंय. चार सोमवार झाले. पहिल्या तीन नोंदी सारख्या आहेत, चौथी एक मिलिमीटर वर. त्या रविवारी पाऊस होता, बाबा गेले नव्हते.