गोविंदराव टेंबे : पेटीची मर्यादा आणि चालीची घडण

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकात युरोपातील पट्ट्यांची वाद्ये आशियात आली. जपानमध्ये १८८७ साली तोराकुसू यामाहा यांनी एका शाळेतील रीड ऑर्गन दुरुस्त केला आणि त्यातून उभ्या राहिलेल्या उद्योगाने १९०० साली पियानो तयार केला. तेथे वाद्याबरोबर पाश्चात्त्य अभिजात संगीतही रुजले आणि पियानोवादकांची परंपरा निर्माण झाली. महाराष्ट्राने मात्र परके वाद्य घेतले आणि संगीत आपलेच ठेवले. पॅरिसमध्ये १८४२ साली पेटंट झालेली हार्मोनियम येथे 'पेटी' झाली व तिच्यावर राग वाजू लागला. या तडजोडीतून निर्माण झालेला पेच ज्यांच्या कारकिर्दीत स्पष्टपणे दिसतो, ते कलावंत म्हणजे गोविंद सदाशिव टेंबे (१८८१-१९५५). 'मानापमान'चे संगीतकार ही त्यांची रूढ ओळख आहे; त्यांचे पेटीवादन हा त्या कर्तृत्वाचा केवळ पूर्वार्ध समजला जातो. ही समजूत कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जडणघडण

कोल्हापुरात वाढलेले टेंबे पेटी बहुतांशी स्वतःच शिकले. देवल क्लबच्या वातावरणात त्यांना शास्त्रीय संगीताची गोडी लागली. भास्करबुवा बखले यांच्या गायनाला साथ करताना त्यांना गायकीचे मर्म उमगत गेले. कोल्हापूर दरबारी असलेले अल्लादियाखाँ यांची रीतसर तालीम त्यांना मिळाली नाही. तरी त्या गायकीचा संस्कार त्यांनी सहवासातून व श्रवणातून घेतला. अर्थात, टेंबे यांचे खरे शिक्षण गळ्याकडून बोटांकडे झाले. पट्ट्यांवर बसलेल्या या वादकाचे आदर्श गायक होते, ही बाब त्यांच्या मूल्यमापनात महत्त्वाची ठरते.

वाद्याची मर्यादा

पेटीतील प्रत्येक सूर पितळी पत्तीने एकदाच ठरवून दिलेला असतो. दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीही नसते. त्यामुळे मींड अशक्य, आंदोलन अशक्य. सप्तकाचे बारा समान भाग पाडल्यामुळे रागागणिक सूक्ष्मपणे बदलणारे गांधार-धैवत एकाच जागी गोठतात. रवींद्रनाथ ठाकूर यांच्यासारख्यांना हे वाद्य अमान्य होते. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. ज्या वाद्याने टेंबे यांना संगीताच्या दालनात आणले, ते वाद्य त्यांच्या हयातीच्या अखेरच्या पंधरा वर्षांत नभोवाणीला वर्ज्य होते. हा आक्षेप निराधार नव्हता. तथापि, त्यात वाद्याचा दोष पाहिला गेला. वादकाने त्या दोषाचे काय केले, हे पाहिले गेले नाही. सूर ओढता येत नसल्यास कण, भात्याचा दाब आणि योग्य जागी घेतलेला विराम यांच्या आधारे गायकीचा भास निर्माण करावा लागतो. तेथे वादकाला वाक्याची बाह्यरेषाच अचूक आखावी लागते.

'मानापमान' : आराखडा आणि अवकाश

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'संगीत मानापमान' किर्लोस्कर नाटक मंडळीने १२ मार्च १९११ रोजी मुंबईत रंगभूमीवर आणले. 'सौभद्र'च्या काळातील पदांवर साकी-दिंडी, कीर्तन आणि कर्नाटकी चालींचा ठसा होता. टेंबे यांनी रागदारीबरोबर उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्याचा ढंग मराठी पदात आणला. या चालींचा विशेष असा की, त्यांचा मुखडा नुसत्या पेटीवर वाजवला तरी ओळखू येतो. आणि तरीही गळ्याविना त्या अपुऱ्या वाटतात. ज्याच्या वाद्याला मींड येत नाही, त्याने ती जागा गायकासाठी मोकळी सोडली, असे येथे म्हणता येईल. बालगंधर्वांना त्या मोकळ्या जागेत स्वतःची लय सापडली. १९२१ च्या संयुक्त 'मानापमान'मध्ये केशवराव भोसले यांचे वेगळे, तेजस्वी गायनही याच चालींत सामावले. दोन भिन्न प्रकृतींच्या गायकांना एकच नाटक पेलले, हे आराखड्याच्या बळकटपणाचे गमक होय.

या प्रतिपादनाला मर्यादा आहे. ठुमरीचा नखरा पेटीने दिलेला नाही. तो टेंबे यांच्या चौफेर श्रवणातून आला. शिवाय १९१६ साली 'स्वयंवर'ला भास्करबुवांनी दिलेले संगीत रागविस्ताराच्या दृष्टीने अधिक सखोल आहे, हे मान्य करावे लागते. टेंबे यांची प्रतिभा विस्तारापेक्षा रेखाटनात रमणारी होती.

विखुरलेली कारकीर्द

१९१३ साली गंधर्व नाटक मंडळीच्या स्थापनेत टेंबे भागीदार होते. अल्पावधीतच ते बाहेर पडले आणि त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली. 'अयोध्येचा राजा' (१९३२) या प्रभातच्या पहिल्या मराठी बोलपटात दुर्गाबाई खोटे यांच्यासमवेत हरिश्चंद्राची भूमिका व संगीतही त्यांनी केले. पुढे 'माझा संगीत व्यासंग' व 'माझा जीवनविहार' या ग्रंथांतून ते लेखक म्हणून प्रकटले. पेटी हा मुख्य व्यवसाय त्यांनी सोडला होता. या चंचलपणामुळे स्वतंत्र पेटीवादनाला त्यांच्याकडून जेवढे मिळावयास हवे होते तेवढे मिळाले नाही, ही उणीव नोंदवणे आवश्यक आहे. त्या वाटेवरील सातत्य पी. मधुकर आणि त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर यांच्यासारख्या वादकांनी दाखविले.

समारोप

टेंबे यांच्या कारकिर्दीत पेटी हा मागे टाकलेला टप्पा नसून चाल रचण्याची शिस्त होती, असे वरील विवेचनावरून दिसते. वाद्याच्या उणिवेची त्यांना जाण होती. ती उणीव त्यांनी गायकाच्या हाती संधी म्हणून दिली. संगीताच्या शिक्षणात पेटीचा विचार आजही 'असावी की नसावी' एवढ्याच चौकटीत होतो. यवतमाळसारख्या जिल्ह्यात गावोगावच्या भजनी मंडळांनी हा प्रश्न केव्हाच निकाली काढला आहे. तेथे सुराचा पहिला परिचय पेटीवरच होतो. म्हणून 'या वाद्याला काय येत नाही' एवढ्यावर न थांबता 'जे येत नाही त्याचे वादक काय करतो' हा प्रश्न अभ्यासकांनी विचारला पाहिजे. टेंबे यांच्या चाली हे त्याचे एक समर्थ उत्तर आहे.