बिशप कोलेन्सो यांचा हिशेब

धर्मग्रंथातील अक्षर अन् अक्षर खरे मानावे की नाही, हा वाद फार जुना आहे. परंतु तो त्रैराशिकाने सोडवू पाहणारा धर्माधिकारी आमच्या वाचनात तरी एकच आला. जॉन विल्यम कोलेन्सो हे त्याचे नाव. इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात त्याची आठवण निघते ती बहुधा मॅथ्यू आर्नोल्ड याने त्याची केलेली थट्टा सांगताना. मूळ ग्रंथ वाचण्याच्या फंदात कोणी पडत नाही. आर्नोल्डची शैलीच अशी आहे की, त्याने ज्याला हसावे त्याच्याविषयी वाचकाच्या मनात पुन्हा जिज्ञासा म्हणून उरू नये. आमच्या मते या प्रकरणात टीकाकाराचा सिद्धांत बरोबर होता, पण निकाल चुकला. आणि तो का चुकला हे पाहण्यासारखे आहे.

कोलेन्सो १८१४ साली कॉर्नवॉल परगण्यात जन्मला. केंब्रिज येथे गणिताच्या परीक्षेत तो दुसरा आला, आणि पुढे त्याने लिहिलेली अंकगणित व बीजगणित यांची पुस्तके इंग्लंडच्या शाळाशाळांतून चालली. १८५३ साली दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांताचा बिशप म्हणून त्याची नेमणूक झाली. तेथे त्याने झुलू भाषा शिकून तिचे व्याकरण व कोश रचला आणि बायबलचे भाषांतर आरंभिले. या कामी त्याला विल्यम न्गिदी नावाच्या झुलू गृहस्थाचे साह्य होते. उत्पत्तीच्या पुस्तकातील जलप्रलयाची कथा भाषांतरात आली तेव्हा न्गिदीने सरळ प्रश्न केला: हे सारे खरोखर घडले असे आपण मानता काय? उष्ण देशांतील आणि थंड देशांतील सगळी जनावरे जोडीजोडीने चालत आली, आणि त्या सर्वांना, हिंस्र पशुपक्ष्यांनासुद्धा, पुरेल इतके अन्न नोहाने तारवात भरले?

'होय' म्हणून मोकळे होणे अवघड नव्हते. मोशेच्या पुस्तकांना प्रश्न विचारू नयेत असे शिकविणारे पाद्री तेव्हा पुष्कळ होते. पण कोलेन्सोने भूगर्भशास्त्रज्ञ लायेल याचे ग्रंथ वाचले होते. फ्रान्सातील ओव्हेर्न्य प्रांतात विझलेल्या ज्वालामुखींच्या टेकड्या आहेत. त्यांच्यावरील भुसभुशीत राख व हलके दगड अतिप्राचीन काळापासून जागच्या जागी पडून आहेत. सर्व पृथ्वी बुडविणारा पूर आला असता तर हा ढीग पहिल्या लोंढ्यातच वाहून गेला असता. हे ठाऊक असता देवाच्या नावाने खोटे बोलावे काय, असा पेच त्याला पडला आणि त्यातून मोशेचे पंचग्रंथ व यहोशवाचे पुस्तक यांची चिकित्सा करणारा त्याचा ग्रंथ निर्माण झाला. पहिला भाग १८६२ साली आणि सातवा १८७९ साली प्रसिद्ध झाला.

पहिल्या भागातील पद्धत अगदी शाळामास्तरी आहे. मिसर देशातून निघालेल्या इस्राएल लोकांत वीस वर्षांवरील लढाऊ पुरुष ६,०३,५५० होते, असे गणनेच्या पुस्तकात सांगितले आहे. म्हणजे बायकामुले धरून वीस लाखांहून कमी वस्ती नव्हे. या सर्व मंडळीला दर्शनमंडपाच्या दाराशी जमविले, असे लेवीय म्हणते. मंडपाची रुंदी दहा हात, म्हणजे सुमारे अठरा फूट. तितक्या रुंदीत नऊ माणसे खांद्याला खांदा लावून उभी केली, तर नुसत्या पुरुषांचीच रांग जवळजवळ वीस मैल लांब होते! पुन्हा, प्रथम जन्मलेले पुत्र २२,२७३ सांगितले आहेत. एकंदर पुरुषसंख्येला त्याने भागले असता दर मातेच्या वाट्याला चाळीसएक मुलगे येतात. बाळंतीण स्त्रीने अर्पण केलेल्या कबुतरांचा हिशेब तर सर्वांहून मौजेचा आहे. याजक तिघेच, अहरोन व त्याचे दोन मुलगे; एवढ्या वस्तीत रोज होणारे जन्म पाहता प्रत्येक याजकास दररोज ८८ कबुतरे खाणे भाग होते!

येथे वाचक हसतो. आर्नोल्डही हसला. १८६३ च्या जानेवारीत त्याने 'मॅकमिलन्स मॅगझीन' या मासिकात लेख लिहून कोलेन्सोला स्पिनोझाशेजारी उभे केले. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, अशा विषयावरील पुस्तकाने एक तर अशिक्षितांचे मन उन्नत करावे किंवा सुशिक्षितांच्या ज्ञानात भर घालावी; बिशपसाहेबांच्या हिशेबाने यांपैकी काहीच होत नाही. स्पिनोझाने आपली चिकित्सा १६७० साली लॅटिन भाषेत, म्हणजे विद्वानांपुरती प्रसिद्ध केली, आणि ग्रंथात चूक आहे एवढे दाखवून तो थांबला नाही. मग धर्म म्हणजे काय, याचाही त्याने विचार केला. पुढे १८७३ साली 'लिटरेचर अँड डॉग्मा' या पुस्तकात आर्नोल्डने आपला विधायक पक्ष मांडला. बायबलची भाषा ही शास्त्राची रेखीव भाषा नव्हे, वाङ्मयाची प्रवाही भाषा आहे. ज्या वस्तूचे पूर्ण आकलन होत नाही तिच्या दिशेने माणसाने फेकलेले ते शब्द आहेत. तेव्हा त्यांचे मोजमाप न करता रसिकपणे वाचावे, असे त्याचे सांगणे आहे.

हा सिद्धांत आम्हांस मान्य आहे, आणि तो नवीनही नाही. सूर्य निर्माण होण्यापूर्वीचे तीन दिवस अक्षरशः दिवस मानणे वेडेपणाचे आहे, असे तिसऱ्या शतकात ऑरिजेनने म्हटले होते. आणि निसर्गाविषयी अडाणी विधाने शास्त्राच्या आधाराने करून ख्रिस्ती लोकांनी आपले हसे करून घेऊ नये, असा इशारा ऑगस्टीनने दिला होता. आपल्याकडील वाचकांस तर यात अवघड काहीच वाटू नये. कुरुक्षेत्रावर अठरा अक्षौहिणी सैन्य मावले कसे, याचे गणित करीत कोणी महाभारत वाचीत नाही. एका अक्षौहिणीत हत्तीच २१,८७० असतात. त्यांच्या वैरणीचा हिशेब आजपर्यंत कोणत्याही कीर्तनकाराला सुचला नाही, हे श्रोत्यांचे भाग्यच म्हणावयाचे.

परंतु ही सवलत आपणांस हवी, तशी ती इतरांसही द्यावयास हवी होती. १८३१ साली मुंबईत मोरभट दांडेकर व पाद्री जॉन विल्सन यांचा वाद झाला, आणि पुढल्याच वर्षी विल्सनने हिंदु धर्माचे वाभाडे काढणारे पुस्तक प्रसिद्ध केले. १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी समुद्रकिनारी पाद्र्यांशी वाद घातले. पुराणातील कथा अक्षरशः घ्यावयाची आणि ती असंभवनीय म्हणून पुराण खोटे ठरवावयाचे, हे मिशनरी मंडळींचे आवडते हत्यार होते. त्यानंतर पाचच वर्षांनी त्यांच्याच पंथातील एका बिशपाने तीच मोजपट्टी मोशेच्या मंडपाला लावली. मग मात्र तिकडे असा गहजब झाला की, १८६३ साली केपटाऊनचे बिशप ग्रे यांनी कोलेन्सोला पदच्युत केले. १८६५ साली प्रिव्ही कौन्सिलने तो हुकूम रद्दबातल ठरविला, तेव्हा ग्रे यांनी त्याला धर्मबहिष्कृत केले.

आर्नोल्डचा निकाल चुकला तो येथे. बायबल काव्य म्हणून वाचा, हा उपदेश योग्य; पण ते इतिहास म्हणून खरे नाही, ही गोष्ट चर्च कबूल करीत नव्हते तोपर्यंत तो उपदेश म्हणजे भांडण चालू असता दिवाणखान्यात बसून सतार वाजविण्यासारखा होता. जगाची उत्पत्ती ख्रिस्तपूर्व ४००४ साली झाली, हा बिशप अशर यांचा सन इंग्रजी बायबलाच्या समासात छापला जात असे. ज्याला आकडाच हवा त्याला आकड्यानेच उत्तर द्यावे लागते. शिवाय सुशिक्षित आणि अशिक्षित ही आर्नोल्डची वाटणी न्गिदीपुढे टिकत नाही. तो आर्नोल्डच्या अर्थाने विद्वान नव्हता. तरी नेमका प्रश्न त्यानेच विचारला.

कोलेन्सोतही दोष आहेत. सहा लाखांचा आकडा खोटा, एवढ्यावर पहिल्या भागात तो समाधान पावतो. रानात भटकलेल्या एका लहान जमातीने पुढे आपली संख्या एवढी फुगवून का सांगितली असेल, हा खरा रसाळ प्रश्न त्याला तेथे पडत नाही. ससा रवंथ करतो असे लेवीयात आहे, त्यावरही त्याने बोट ठेवले आहे. ससा आपल्याच लेंड्या पुन्हा खातो, म्हणून त्यालाच रवंथ समजावे, असे त्या वचनाचे समर्थक हल्ली सांगतात. ग्रंथाची अब्रू राखण्याची ही रीत पाहिली म्हणजे कोलेन्सोचा रुक्षपणा सुसह्य वाटतो.

तथापि त्या पुस्तकात हिशेबाखेरीज एक स्थळ असे आहे की, त्यास आर्नोल्डच्या सिद्धांतात जागा नाही. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात असा नियम आहे की, धन्याच्या काठीने गुलाम जागीच मेला तर शिक्षा व्हावी, पण तो एकदोन दिवस जगून मेला तर होऊ नये, कारण तो धन्याचा पैसा आहे. हे शब्द झुलू भाषेत उतरविताना आपल्या झुलू साह्यकर्त्याच्या मनाला केवढा धक्का बसला, हे कोलेन्सोने लिहून ठेवले आहे. ज्या दयाळू ईश्वराची ओळख त्याला करून दिली होती, त्यानेच माणसाला पैसा म्हणावे हे त्याच्याने मानवेना. अशा वचनाला काव्य म्हणून कसे भागेल? ते कायद्याचे वचन आहे. ते ईश्वराचे नव्हे, एका काळच्या माणसांचे आहे, असे स्पष्ट म्हटल्यावाचून सुटका नाही. आणि कोलेन्सोने ते म्हटले. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरीचे समर्थक याच पंचग्रंथांचा आधार दाखवीत होते आणि तेथे यादवी युद्ध चालू होते, त्या दिवसांत हे पुस्तक निघाले, ही गोष्ट त्याचे परीक्षण करताना विसरता येत नाही.

अक्षरवाद्यांचा पक्ष काही नाहीसा झाला नाही. १९२५ साली टेनेसी संस्थानातील डेटन गावी उत्क्रांतिवाद शिकविल्याबद्दल स्कोप्स या शिक्षकावर खटला झाला, तेव्हा बायबलचा कैवारी ब्रायन याने साक्षीत उत्पत्तीचे दिवस चोवीस तासांचेच असतील असे नाही, हे कबूल केले. म्हणजे वकिलाच्या दोन प्रश्नांसरशी अक्षर लवचिक झाले. तरी १९७८ साली शिकागो येथे जमलेल्या पंडितांनी, इतिहास व विज्ञान यांच्या बाबतीतही बायबल निर्दोष आहे, असे जाहीरनामा काढून सांगितलेच.

मोशेवरची श्रद्धा गेली म्हणजे धर्म गेला, असे कोलेन्सोच्या विरोधकांचे भाकीत होते. पुढे घडले ते असे. १८७४ साली नाताळच्या सरकारने लांगालिबालेले या नायकावर अन्याय्य खटला चालविला, तेव्हा त्याच्या बाजूने गोऱ्या वसाहतवाल्यांविरुद्ध उभा राहिला तो हाच बिशप. १८७९ च्या जानेवारीत इसांडल्वाना येथे झुलूंनी इंग्रज फौजेचा फन्ना उडविला आणि सगळी वसाहत सूडासाठी ओरडू लागली. तेव्हा पीटरमॅरिट्झबर्गच्या देवळात त्याने प्रवचनास मीखा संदेष्ट्याचे वचन घेतले. न्यायाने वागणे, दयेची आवड धरणे आणि देवासमोर नम्र असणे, एवढेच देव मागतो, असा त्याचा आशय आहे. युद्ध अन्यायाचे आहे, हे त्याने आपल्या देशबांधवांना त्यांच्याच बायबलातून सांगितले. झुलू लोक त्याला 'सोबांटू', म्हणजे लोकांचा बाप, म्हणत. १८८३ साली तो वारला. त्याची कबर त्याच देवळात, वेदीच्या समोर आहे.