रात्री मोजायच्या कुणी?

लंडन आणि न्यूयॉर्क, दोन्ही शहरांची तक्रार एकच: राहायची घरं पर्यटकांच्या खोल्या होतायत. उपाय मात्र वेगवेगळे, आणि माझ्या मते दोन्ही अर्धवट.

लंडनमध्ये २०१५च्या कायद्यानुसार अख्खं घर वर्षाला ९० रात्रींपर्यंत वेगळ्या परवानगीशिवाय पर्यटकांना देता येतं. वाचायला छान आहे. पण रात्री मोजायच्या कुणी? एअरबीएनबी २०१७पासून स्वतःपुरत्या मोजते. तेच घर दुसऱ्या साइटवर टाकलं, की तिथे मोजणी पुन्हा शून्यापासून. मग बरंचसं शेजाऱ्यांच्या तक्रारींवर अवलंबून राहतं.

न्यूयॉर्कने हीच फट बुजवली. सप्टेंबर २०२३पासून 'लोकल लॉ १८'ची अंमलबजावणी सुरू झाली. नोंदणी नसलेल्या घराच्या बुकिंगचे पैसे साइटला घेताच येत नाहीत. निरीक्षकाने दारोदार फिरायची गरज नाही, व्यवहारच अडतो. कल्पना उत्तमच आहे.

अडचण पुढच्या अटींत आहे. मुक्काम ३० दिवसांहून कमी असेल तर घर देणारा त्याच घरात राहायला हवा, पैसे देणारे पाहुणे दोनच, आणि आतल्या दारांना कुलूप नाही. म्हणजे दिवाळीला तीन आठवडे घरी जाताना तुम्ही तुमची जागा कुणाला देऊ शकत नाही. आई, बाबा आणि आजी आले, तर तिघांना शेजारच्या बिल्डिंगमधलं असं घर मिळणार नाही. वीस फ्लॅटवाला मात्र मुक्काम ३० दिवसांचा करतो आणि फ्लॅट स्वतःकडेच ठेवतो. वर्षातून एकदा घर देणारा आणि धंदा करणारा, दोघांना एकच काठी!

मधला रस्ता आहे. सॅन फ्रान्सिस्कोत नोंदणी सक्तीची, घर स्वतः राहतो तेच, वर्षातल्या किमान २७५ रात्री तिथे राहायचं, आणि आपण नसताना ९० रात्रींपर्यंत द्यायचं. २०१८च्या सुरुवातीला नोंदणी नसलेली हजारो घरं एअरबीएनबीवरून उतरली. मोजणी पक्की, आणि साध्या माणसाला थोडी मोकळीकही.

तुमच्या शहरात असा नियम येऊ घातला असेल, तर रात्रींच्या आकड्यावर वाद घालण्याआधी दोन प्रश्न विचारा: मोजणार कोण, आणि सापडणार कोण? आणि हो, सुट्टीत खोली सबलेट करण्याआधी लीज एकदा नीट वाचाच. शहराने परवानगी दिली म्हणजे घरमालकाने दिली असं होत नाही.