मृतांविषयी बोलण्याची रीत

7 ऑगस्ट 2020 रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान कोळिकोड येथे टेकडीवरील धावपट्टी ओलांडून खाली कोसळले. 190 पैकी 21 जण मृत्यू पावले. त्यांत मूळचे नागपूरकर वैमानिक दीपक साठे हेही होते. चौकशीपूर्वीच त्यांच्या आत्मबलिदानाच्या रसभरित कथा घरोघर पोहोचल्या. 2021 च्या अहवालाने नियम न पाळता विमान उतरविल्याचा दोष त्यांजकडे दाखविला, व्यवस्थेतील उणिवाही सांगितल्या. मग आता त्याच उत्साहाने दूषणे द्यावयाची काय? आमच्या मते स्तुती व निंदा ही येथे एकाच उथळपणाची रूपे होत. अशा चौकशीचा हेतू कोणास दोषी ठरविणे हा नसून पुढील प्राण वाचविणे हा असतो.

1919 साली सावनेरास ज्यांचा देहान्त झाला, त्या राम गणेश गडकऱ्यांनी ‘एकच प्याला’त सुधाकराचा दोष झाकला नाही, आणि प्रेक्षकांची करुणाही आटू दिली नाही. सत्य आणि सहृदयता यांचा असा मेळ आमच्या नित्याच्या बोलण्यात का नसावा? मृताच्या आईसमोर जे उच्चारवणार नाही, ते तिच्या पाठीमागेही उच्चारू नये.