मुंबईच्या ग्रंथिज्वराची वक्ररेषा : एक परीक्षण

साथ कशी पसरते व कां ओसरते, या शास्त्राचा पाया म्हणून ज्या निबंधाचें नांव घेण्यांत येतें, त्यांतील एक आकृति मुंबईच्या प्लेगाची आहे, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं थोड्यांच्याच कानीं असेल. कर्मॅक व मॅकेंड्रिक या दोघां स्कॉटिश संशोधकांचा तो निबंध १९२७ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तांत प्रसिद्ध झाला. मॅकेंड्रिक हे हिंदुस्थानांतील वैद्यकीय नोकरींत होते व कसौलीच्या पाश्चर संस्थेंत त्यांनीं काम केलें होतें. कर्मॅक हे रसायनज्ञ. १९२४ सालीं प्रयोगशाळेंतील अपघातांत त्यांची दृष्टि गेली. नेत्र गेल्यावर समीकरणें मनांत धरून पुढें नेणें, हें ज्यांनीं घनपाठी वैदिक पाहिले आहेत त्यांस अशक्य वाटणार नाहीं. तरी आदर वाटल्यावांचून राहत नाहीं.

निबंधाचा सिद्धान्त थोडक्यांत असा. वस्तीचे तीन वर्ग कल्पावे : रोगास पात्र, रोगी, आणि बरे होऊन वा मरून हिशेबांतून निघालेले. नवे रोगी पहिल्या दोन वर्गांच्या गुणाकाराच्या प्रमाणांत होतात. यावरून असें निघतें कीं, साथ ओसरण्यास सर्व पात्र माणसें संपावीं लागत नाहींत, आणि रोगाचें विषही मंदावावें लागत नाहीं. एक रोगी आपण सुटण्यापूर्वीं सरासरीनें एकाहून कमी माणसांस रोग देऊं लागला कीं साथ उतरणीस लागते. वणवा विझण्यासाठीं सगळें रान जळावें लागत नाहीं. झाडें विरळ झालीं तरी पुरे. एवढा भाग आम्हांस निर्दोष दिसतो, व निबंधाची खरी थोरवी त्यांतच आहे.

आमचा आक्षेप आहे तो मुंबईच्या उदाहरणावर. १७ डिसेंबर १९०५ पासून २१ जुलै १९०६ पर्यंतचे मुंबई बेटांतील प्लेगमृत्यूंचे साप्ताहिक आंकडे घेऊन त्यांवर ग्रंथकारांनीं आपल्या सूत्राची रेषा काढली आहे. ती सतराव्या आठवड्यास, म्हणजे एप्रिल १९०६ च्या मध्यास, आठवड्यास ८९० मृत्यु या शिखरावर पोंचते व चढली तशीच उतरते. आंकड्यांचे ठिपके रेषेला इतके लागून पडतात कीं, पाहणाराची शंका तेथेंच विरते.

पण या रेषेखालील सर्व मृत्यूंची बेरीज सुमारें ८,९०० होते. १९०६ च्या शिरगणतींत मुंबईची वस्ती ९,७७,८२२ होती. शेंकडा एकही माणूस गेला नसतां रोगास माणसें अपुरीं पडलीं असें कोण म्हणेल? ग्रंथकारही तसें म्हणत नाहींत. माणसांतील प्लेग ही उंदरांतील प्लेगाची छाया, असें धरून सर्व उंदीर सारखेच पात्र, पिसवा विपुल, रोगाचें प्रमाण आरंभापासून अखेरपर्यंत स्थिर, इत्यादि गृहीतें ते मांडतात. आणि त्यांतील एकही पुरतें खरें नसल्यानें या आंकड्यांवरून स्थिरांकांच्या किंमती काढूं नयेत, असेंही बजावतात. पुढें ही आकृति अनेक पुस्तकांत उतरली, पण हें बजावणें पुष्कळदां मागेंच राहिलें. मूळ पोथींत समासावर शंकेची खूण असावी, आणि लेखकूनें ती गाळून श्लोक तेवढा सुवाच्य अक्षरांत उतरावा, त्यांतलाच हा प्रकार.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. १८९६ सालीं मुंबईस प्लेग उघडकीस आला, त्यानंतर तो वर्षानुवर्षें येत राहिला. आणि येई तो थंडींत वाढे, मार्च-एप्रिलच्या सुमारास कळस गांठी व पावसाळा लागेपर्यंत ओसरे. पात्र उंदीर संपल्यानेंच साथ थांबत असेल, तर ते दरवर्षीं नेमके एकाच ऋतूंत कसे संपत? येथें उष्म्याचा व पिसवांच्या आयुष्याचा संबंध मानल्यावांचून गति नाहीं. निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञानें २०१२ सालीं ऋतुमान हिशेबांत धरून हें सविस्तर दाखविलें आहे. शिवाय उंदीर, पिसू व माणूस यांची सांखळी सिद्ध करणारें संशोधन १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेंत त्याच साथींच्या काळांत चाललें होतें. अर्थ लागला म्हणून पाठ मूळचा ठरत नाहीं, हें पोथ्या ताडून पाहणारांस निराळें सांगावयास नको.

आम्हांस या वादांत पडण्याचें कारण निराळें आहे. रेषा पुरावा म्हणून मान्य झाली कीं घर सोडून झोपड्यांत गेलेलीं कुटुंबें, लपविलेलीं मढीं, सरकारी तपासणीचा धाक, हें सर्व इतिहासाच्या बाहेर पडतें. साप्ताहिक आंकडे हे नोंदलेल्या मृत्यूंचे. न नोंदलेले कोठें शोधावयाचे? आमच्या पणजोबांच्या एका जमाखर्चाच्या चोपडींत "उंदीर पडले, घर सोडलें" अशी तिथीसह नोंद होती. कागद फार जुना नाहीं, मोडी अक्षरही गचाळ, म्हणून ती चोपडी आम्हीं स्वतः रद्दींत जाऊं दिली. तेव्हां तिची किंमत आम्हांस कळली नाहीं. संग्राहकांच्या दप्तरांत अशा चोपड्या व पत्रें निघाल्यास उंदीर पडल्याची, घर सोडल्याची व परत आल्याची तिथि गांवाच्या व पेठेच्या नांवासह उतरून पाठवावी. तिथि मुळांत असेल तशीच ठेवावी. इंग्रजी तारीख करून धाडूं नये.