संगणकनीति आणि विनोद

हास्याचें मूळ विसंगतींत असतें, हें मत आतां इतकें सर्वमान्य झालें आहे कीं त्याच्या पुनरुक्तींत कांहीं स्वारस्य उरलेलें नाहीं. परंतु विसंगति कोणाची, हा प्रश्न मात्र दर वेळीं नव्यानें विचारावा लागतो. ती बोलणाऱ्याच्या जिभेची कीं त्याच्या विचाराची? नियम लिहिणाऱ्या माणसाची कीं खुद्द नियमाची? भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याचे सहा प्रकार सांगितले आणि उत्तम, मध्यम व अधम प्रकृतींच्या माणसांत ते दोन-दोन वांटून दिले. ही वांटणी हंसणाऱ्याचे ओठ, गाल व डोळे पाहून केलेली आहे. हंसून झाल्यावर त्याच्या पदरांत काय पडलें, हें पाहण्याचें रंगभूमीला कारण नव्हतें. आज मात्र हास्याचा एक असा नवा प्रांत उदयास आला आहे कीं, तेथें ही दुसरी कसोटी लावल्यावांचून गत्यंतर नाहीं.

संगणक, सॉफ्टवेअर किंवा इंटरनेट यांविषयींचा एखादा कायदा अथवा एखाद्या मंत्र्याचें भाषण प्रसिद्ध झालें कीं, दिवस मावळण्यापूर्वींच त्यावर विनोदांचा पाऊस पडूं लागतो. या विनोदाला वाङ्मय म्हणावें कीं नाहीं, याचा वाद घालणारे खुशाल घालोत. तो लक्षावधि लोक वाचतात ही गोष्ट उघड आहे. ज्या नियमांनीं आपला पत्रव्यवहार, आपला पैसा व आपलें संभाषण बांधलें जातें, त्या नियमांची ओळख पुष्कळ सुशिक्षितांनासुद्धां या विनोदांतूनच काय ती होते. त्याचें परीक्षण करावयास एवढें कारण पुरेसें आहे.

या विनोदाचे स्थूलमानानें दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग शब्दाला हंसणाऱ्यांचा. त्याचें सर्वांत गाजलेलें उदाहरण अमेरिकेंतील आहे. २८ जून २००६ रोजीं तेथील सेनेटच्या वाणिज्य समितींत, इंटरनेटवरील सर्व मजकुराला समान वागणूक मिळावी अशी एक उपसूचना विचारासाठीं होती. समितीचे अध्यक्ष, अलास्काचे सेनेटर टेड स्टीव्हन्स, यांनीं तिच्याविरुद्ध भाषण केलें. इंटरनेट म्हणजे वाटेल तेवढा माल लादावयाचा मोठा ट्रक नव्हे, ती नळ्यांची मालिका आहे, असें त्यांनीं सांगितलें. आणि आपल्या कचेरींतून शुक्रवारीं निघालेलें एक 'इंटरनेट' आपल्याला मंगळवारीं पोंचलें, अशी तक्रारहि केली. त्यांना पाठविलें गेलें होतें तें अर्थात् इंटरनेट नसून एक ई-मेल होतें. झालें! त्या नळ्यांवर गाणीं रचलीं गेलीं, सदरे छापले गेले, दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांना आठवड्यांचें खाद्य मिळालें. ८२ वर्षांच्या वृद्धाला नव्या युगाचें कांहीं कळत नाहीं, हा त्या सर्व हंशाचा मथितार्थ होता.

परंतु थांबून पाहिलें तर त्या उपमेंत हंसण्यासारखें काय होतें? तारांतून एका वेळीं किती माहिती जाऊं शकते याविषयीं बोलतांना खुद्द इंजिनियर मंडळी नळाचीच उपमा वापरतात. नळी भरली म्हणजे मागचा प्रवाह खोळंबतो, हें म्हणणेंहि ढोबळ मानानें खोटें नव्हतें. वादग्रस्त होता तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. गर्दी होते, तेव्हां कोणाचें पाणी आधीं सोडावयाचें हें नळीच्या मालकानें ठरवावें, असा तो निष्कर्ष होता. त्याचा समाचार घ्यावयाचा असता, तर विनोदकारानें एवढेंच विचारावयास हवें होतें कीं, ई-मेलाला चार दिवस लागले ते नळी तुंबल्यामुळें, कीं पत्र पोंचविणाऱ्या एखाद्या यंत्रांतील बिघाडामुळें? हा प्रश्न सदऱ्यावर छापला गेला नाहीं. त्या दिवशीं समितींत ११ विरुद्ध ११ अशीं समसमान मतें पडून उपसूचना नामंजूर झाली. नळ्या सर्वांच्या ध्यानांत राहिल्या. ते अकरा आणि अकरा कोणाच्याच ध्यानांत राहिले नाहींत.

दुसरा वर्ग याहून दुर्मिळ आणि श्रेष्ठ आहे. या वर्गांतील विनोदकार नियमाला हंसत नाहीं. तो त्याचें पालन करतो, आणि इतक्या निष्ठेनें करतो कीं शेवटीं नियमाची बैठकच उघडी पडते. मराठी वाचकाला ही रीत अपरिचित नाहीं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या सुदाम्यानें रूढींवर जे आघात केले, ते त्यांना शिव्याशाप देऊन केले नाहींत. रूढीच्या बाजूनें बोलत बोलत त्यानें तिला अशा टोंकाला नेऊन सोडलें कीं, तेथून तिला परत येण्याची वाटच उरली नाहीं.

संगणकाच्या क्षेत्रांत ही रीत जोपासली ती, आश्चर्य वाटेल, पण नियम लिहिणाऱ्यांनींच. इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे मसुदे १९६९ पासून क्रमांकवार प्रसिद्ध होत आले आहेत, आणि १ एप्रिलच्या मुहूर्तावर कधीं कधीं एखादा थट्टेचा मसुदाहि त्याच करड्या वेषांत बाहेर पडतो. १९९० सालच्या ११४९ क्रमांकाच्या मसुद्यांत कबुतरांच्या पायाला कागदाची गुंडाळी बांधून संगणकाचे निरोप धाडण्याची पद्धति विहित केली होती. २००१ च्या एप्रिलांत नॉर्वेंतील बर्गन शहरच्या कांहीं हौशी मंडळींनीं ती अमलांतहि आणली. नऊ निरोप रवाना झाले आणि चारांचींच उत्तरें आलीं! ही थट्टा सौम्य आहे, पण पोकळ नाहीं. निरोप कोणत्या वाहनानें जातो याची इंटरनेटच्या नियमाला पर्वा नसते, हें त्या व्यवस्थेचें मूलतत्त्व कबुतरांच्या पंखांवर बसून वाचकाच्या मनांत सहज उतरतें.

२००३ सालचा ३५१४ क्रमांकाचा मसुदा याहून तीक्ष्ण आहे. इंटरनेटवरून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पुडक्याच्या डोक्यावर पत्ता वगैरे तपशिलाची एक पट्टी असते, आणि त्या पट्टींत शून्य किंवा एक लिहिण्यापुरती एक जागा रिकामी पडलेली होती. स्टीव्हन बेलोविन यांनीं सुचविलें कीं, जो कोणी दुष्ट हेतूनें पुडकें पाठवील त्यानें तेथें 'एक' लिहावें, सज्जनानें 'शून्य' लिहावें, आणि पहाऱ्यावरील यंत्रांनीं 'एक' दिसतांच पुडकें फेकून द्यावें. चोरानें कपाळावर आपला धंदा गोंदवून यावें, म्हणजे शिपायाचें काम हलकें होईल, असाच हा प्रकार झाला. बेलोविन हे असल्या पहारेकरी यंत्रांवरील एका मान्यवर ग्रंथाचे सहलेखक आहेत, ही गोष्ट येथें महत्त्वाची आहे. निरोपाच्या बाह्यरूपावरून पाठविणाऱ्याचा हेतु ओळखूं, असें आश्वासन देणारी योजना पुढें आली कीं, ज्यानें हा मसुदा वाचला आहे तो लगेच विचारतो, 'तो "एक" लिहिणार कोण?' एका थट्टेनें एवढा विवेक शिकविला, हें थोडें झालें काय?

याच रीतीचा एक नमुना तर प्रत्यक्ष सरकारी दप्तरांत नोंदला गेला. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गुप्तलेखनाचें सॉफ्टवेअर अमेरिकेबाहेर नेणें हें शस्त्रास्त्रें नेण्यासारखेंच मानलें जाई व त्यास परवाना लागे. ब्रूस श्नायर यांच्या गुप्तलेखनविषयक ग्रंथांत असलीं सूत्रें छापलेलीं होतीं. फिल कार्न या इंजिनियरानें १९९४ मध्यें परराष्ट्र खात्यास विचारलें कीं, हा ग्रंथ परदेशीं पाठवितां येईल काय? खात्यानें हरकत घेतली नाहीं. मग त्यानें विचारलें कीं, तींच सूत्रें भरलेली फ्लॉपी पाठवितां येईल काय? ती मात्र शस्त्र ठरली! कागदावर विद्या आणि तबकडीवर तोफ! कार्ननें एकहि विनोदी शब्द लिहिला नव्हता. त्यानें केवळ अदबीनें दोन प्रश्न विचारले होते. पुढच्याच वर्षीं ॲडम बॅक यांनीं एक गुप्तलेखनाची रीति तीन ओळींत बसविली. ती छापलेल्या सदऱ्यांवर, हा सदरा शस्त्रांत गणला गेला आहे असा इशाराहि होता. स्टीव्हन्स यांच्या नळ्याहि सदऱ्यांवर होत्या, याहि ओळी सदऱ्यावरच होत्या. परंतु पहिला सदरा एका माणसाला वेडावून दाखवितो आणि दुसरा एका कायद्याला तपासून पाहतो. २००० सालीं ते निर्बंध बरेच सैल करण्यांत आले.

मग शब्दाला हंसणें सर्वस्वीं त्याज्यच काय? तसें म्हणतां येत नाहीं, कारण कधीं कधीं विचाराची चूक शब्दांतच मूर्तिमंत उभी राहते. जुलै २०१७ मध्यें ऑस्ट्रेलियाचे तत्कालीन पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांना विचारण्यांत आलें कीं, गुप्तलेखन ज्या गणितावर उभें आहे तें सरकारच्या मागण्यांना कसें जुमानील? गणिताचे नियम फार स्तुत्य आहेत, परंतु ऑस्ट्रेलियांत चालतो तो ऑस्ट्रेलियाचाच कायदा, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं दिलें. मग गुरुत्वाकर्षणालाहि तेथें परवाना लागेल काय, असें लोकांनीं विचारलें तें रास्तच होतें. परंतु सारें जग हंसून मोकळें झालें, आणि डिसेंबर २०१८ मध्यें गुप्त संदेश उलगडण्याच्या कामीं कंपन्यांना साहाय्य करण्यास भाग पाडणारा कायदा तेथें संमत झाला. गणिताचे नियम अर्थातच अबाधित राहिले. पण कायदाहि झालाच.

आपल्या देशांत मात्र याच्या उलट प्रकार एकदां घडला. मजकूर पाहून दर ठरविण्याचा अधिकार इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांना असावा काय, असा तो वाद होता. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, म्हणजे ट्रायनें, २७ मार्च २०१५ रोजीं शंभराहून अधिक पानांचें विचारपत्र प्रसिद्ध करून २० प्रश्नांवर लोकांचीं मतें मागविलीं. असलें विचारपत्र रात्रीं जेवणें झाल्यावर घरांत कोणी मोठ्यानें वाचून दाखवील, हें संभवनीय नव्हतें. एप्रिलमध्यें मुंबईच्या एआयबी या विनोदकारांच्या मंडळीनें या विषयावर एक चित्रफीत काढली. तिची भाषा सोज्ज्वळ नव्हती, आणि आमच्या पिढीच्या कानांना ती खटकलीहि. परंतु हंशाच्या मध्यें मध्यें तींत विषयाची फोड होती, आणि शेवटीं मत कोठें कळवावयाचें याची दिशा होती. ट्रायकडे दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजीं ट्रायनें मजकूर पाहून निरनिराळे दर आकारण्यास मनाई केली. तें केवळ विनोदाचें फळ होतें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. त्यामागें अनेकांचे अविनोदी परिश्रम होते. उत्तराचा नमुना आयता मिळाल्यामुळें पुष्कळ पत्रें एका सांच्याचीं निघालीं, हाहि दोष आहेच. तथापि हंसणाऱ्याच्या हातीं हंसून झाल्यावर कांहीं काम उरलें होतें, हें नाकारतां येणार नाहीं.

विनोदावर असें शिक्षकाचें जूं लादूं नये, अशी हरकत कोणी घेतील. निव्वळ करमणुकीच्या विनोदापुरती ती आम्हांसहि मान्य आहे. परंतु हा प्रांत निराळा आहे. एखाद्याच्या धोतराच्या सोग्याला हंसून घरीं गेलेल्या प्रेक्षकाला आपण धोतराविषयींचें शास्त्र जाणतों असा भ्रम होत नाहीं. नळ्यांना हंसलेल्या माणसाला मात्र आपल्याला इंटरनेट कळलें असा भ्रम खात्रीनें होतो. अज्ञानी माणूस निदान विचारतो तरी. हंसून तृप्त झालेला माणूस विचारीत नाहीं, आणि जो विचारीत नाहीं त्याच्यासाठीं नियम दुसरेच कोणी करतात. म्हणून अशा विनोदाची परीक्षा करतांना हंशाचा आवाज मोजूं नये. हंसणाऱ्याच्या ओठांवर मागाहून कोणता प्रश्न आला, तें पाहावें.