चौकात न आलेलं बंड

१९४५च्या वारली बंडाच्या बाबतीत मराठीत आजही एकाच पुस्तकाची सत्ता आहे. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० साली आलं, १९७२मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि तेव्हापासून आपण त्या एकावरच भागवतो आहोत. पुस्तक थोरच आहे. वेठ, जमीनदाराची मारझोड, लग्नाच्या कर्जापायी बायकोसकट राबणारा लग्नगडी, हे सगळं बाईंनी कोरड्या आवाजात सांगितलंय आणि म्हणूनच ते अंगावर येतं. सभा-मोर्चे सुरू झाले की मात्र माणसं गर्दीत विरतात. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पाच जण मेले. त्यातल्या जेठ्या गांगडचं नाव लाल बावट्याच्या सभांत घेतलं जातं. तो कुणाशी भांडायचा, कशाला भ्यायचा, हे शोधू पाहणारी कादंबरी निदान माझ्या वाचनात नाही.

जगाला वारली माहीत झाले ते चित्रांमुळे. कुडाच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक लिहितात, मधोमध पालघाट देवी. ज्या लग्नापायी माणूस आयुष्यभर गहाण पडत होता, त्याच लग्नाचं हे चित्र. चौकात देवी आहे, झाडं आहेत, तारपा आहे. कर्ज नाही. याबद्दल तक्रार करणं मूर्खपणाचं ठरेल. मंगलकार्याच्या भिंतीवर सावकार कोण काढील? पण सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णींच्या प्रयत्नांनी हे चित्र कागदावर उतरलं, जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या पुरुषांनी ते हाती घेतलं, तेव्हा विधीचं बंधन सुटलं होतं. मशे यांनी त्या मोकळिकीचं सोनं केलं. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बाजाराला मात्र गोल फिरणारा नाचच हवा होता. कपांवर, चादरींवर, सरकारी भिंतींवर वारली अखंड नाचतोय. त्याला कधी कुणी फटका मारला असेल, अशी शंकाही येत नाही.

जव्हार तालुक्यातला पेच आणखी वेगळा. १९४८पर्यंत जव्हारला मुकण्यांचं संस्थान होतं. राजा महादेव कोळी, म्हणजे परका नव्हे. शेजारचा मोखाडा इंग्रजी मुलखात. डहाणू-उंबरगावची ‘जमीनदार विरुद्ध वारली’ ही मांडणी इथे जशीच्या तशी बसत नाही, म्हणून बहुधा कुणी लिहीतही नाही.

या पट्ट्यात हिंसा रंगते ती बोहाड्यात, म्हणजे सोंगांच्या उत्सवात. संबळाच्या ठेक्यावर, रात्रभर, मुखवटे लावून. देवी महिषासुराला मारते, नरसिंह हिरण्यकश्यपूला फाडतो. सोंगं घराण्याघराण्यांकडे चालत आलेली, त्यांचा मान ठरलेला. राक्षसाची मारामारी इतक्या बारकाईनं नाचणाऱ्या या मंडळींना जंगल ठेकेदाराचं सोंग काढणं अवघड आहे असं मला वाटत नाही. पण पुराणातला राक्षस पडला तर गावात कुणाचं बिनसत नाही. ठेकेदाराचे नातू अजून आसपास असतात.

हे बंड चित्रात आणायची वाट दिसते ती गंजाडच्या राजेश वांगड आणि छायाचित्रकार गौरी गिल यांच्या कामात. गिल भूभागाचा काळापांढरा फोटो काढतात आणि वांगड त्यावर वारली रेषेत तिथलं आठवलेलं रेखतात. आजचा उजाड माळ आणि गेलेलं रान एकाच चौकटीत येतं. समूहाची स्मृती आणि एका माणसाचा हात इथे प्रथमच सोबत दिसतात. तलवाड्याच्या गोळीबारालाही हा फॉर्म पेलेल. अडचण प्रेक्षकाची आहे: ही चित्रं गॅलऱ्यांत लागतात, आणि जेठ्याच्या गावाकडून तिथे जायला एस.टी. नाही.